साइड पॅनल सव्वापट : फाइल मॅनेजर चांगलाय, पण डावीकडची पट्टी डोकं उठवते

आधीच सांगते, सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाहीये. त्यांच्या सपोर्टचा माणूस सध्या मेलवर माझ्याशी नीट बोलतोय आणि मला ते बिघडवायचं नाहीये. ज्यांच्याकडे हा दोन पॅनचा फाइल मॅनेजर (कॉम्प्युटरवरच्या फाइली बघायचं, हलवायचं सॉफ्टवेअर, एकाच खिडकीत शेजारी शेजारी दोन याद्या दाखवणारं) आहे ते दुसऱ्याच परिच्छेदात ओळखतील, बाकीच्यांनी असं समजा की कुठलाही घेताना काय काय बघायचं ते इथे मिळेल.

माझं पुण्यात नारायण पेठेत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून द्यायचं दुकान आहे, वाड्याचा तळमजला, दहा बाय आठ, अठरा वर्षं झाली. दिवाळी अंक, लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, अप्पा बळवंत चौकातल्या एकदोन गाइडवाल्यांची कामं. म्हणजे दिवसभर फाइली इकडून तिकडे. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं, व्हॉट्सॅपवर फोटो पाठवतं, मेलवर मजकूर, ते सगळं उचलून योग्य फोल्डरात टाकायचं, दुरुस्तीनंतरची पीडीएफ वेगळी, छापायला जाणारी वेगळी. विंडोजचा साधा एक्सप्लोरर वापरून दोन खिडक्या शेजारी शेजारी लावत बसायचा कंटाळा आला म्हणून मागच्या पाडव्याला हे घेतलं, 850 रुपये एका मशीनचे. दोन मशीनला घेतलं, एक माझा लॅपटॉप आणि एक जुना 19 इंची मॉनिटर लावलेला कॉम्प्युटर ज्यावर टायपिंगची मुलगी बसते. लॅपटॉपलाही मी कधी कधी तोच मॉनिटर जोडते, आणि इथूनच गंमत सुरू होते, पण ते पुढे.

चांगलं ते आधी सांगून टाकते. दोन पॅन शेजारी शेजारी, एका बटणावर कॉपी, एका बटणावर मूव्ह, हे सुख आहे. सामुदायिक नावबदल तर इतका सुंदर केलाय की त्यासाठीच पैसे वसूल, चाळीस जाहिराती गिऱ्हाइकाने आयएमजी अमुक तमुक नावाने दिल्या की दोन मिनिटांत क्रमांक टाकून मोकळे. पीडीएफ न उघडता बाजूला दिसते. पटकन उघडतं. कधी बंद पडलं नाही. म्हणजे मी तक्रार करतेय ती वाईट वस्तूबद्दल नाही, चांगल्या वस्तूत एकच खोली गळत असावी तसं आहे.

खरं तर दोन पॅनची पद्धत काही नवीन नाही. कॉम्प्युटर शिकायला क्लासला जायचो तेव्हा निळ्या स्क्रीनवर नॉर्टन कमांडर असायचा, तो 1986 सालचा, दोन निळे चौकोन, मधे रेघ, टॅब दाबला की या बाजूचा त्या बाजूला. साइड पॅनलची भानगडच नव्हती. मग विंडोजमध्ये डावीकडे झाड आलं, फोल्डरचं झाड, आणि तेव्हापासून प्रत्येकाला डावीकडे काहीतरी लागतंच. माझ्यावाल्यात डावीकडे चार गोष्टी आहेत, वर नेहमीच्या जागा, मग आपण स्वतः लावलेल्या खुणा म्हणजे बुकमार्क, मग ड्राइव्ह, आणि खाली झाड. चारही एकाच पट्टीत. ही पट्टी किती रुंद ठेवायची हे मी ठरवायला पाहिजे की नको? तर नाही. ते सॉफ्टवेअर ठरवतं. आणि दर वेळी वेगळं ठरवतं.

पहिलं दुखणं, पकडायची रेघ. पट्टी आणि फाइलींची यादी यांच्यामधली रेघ पकडून ओढली की पट्टी लहानमोठी होते, एवढं जगात सगळीकडे सारखं आहे. पण इथे ती रेघ एका पिक्सेलची, म्हणजे स्क्रीनवरच्या सगळ्यात बारीक ठिपक्याएवढी आहे. अक्षरशः एक. माऊस तिच्यावर नेला की क्षणभर दोन तोंडांचा बाण दिसतो आणि हात थोडा हलला की गेला. मी स्क्रीनवर केसाएवढ्या रेघा लावणारी बाई आहे, माझा हात तसा स्थिर आहे, तरी मला तिसऱ्या चौथ्या प्रयत्नात सापडते. भाचा इंजिनियरिंगला आहे, तो म्हणाला, "मावशी, याला फिट्सचा नियम म्हणतात, 1954 चा आहे, निशाण जेवढं बारीक आणि जेवढं लांब तेवढा तिथे पोचायला वेळ जास्त." म्हटलं वा, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच लोकांना माहीत होतं. दिसायला रेघ एक पिक्सेलचीच ठेवा ना, सुंदर दिसते, पण पकडायला दोन्ही बाजूंना चार चार पिक्सेल सोडा, कोणाला दिसणारही नाही.

आणि हे नुसतं चिडचिडीपुरतं नाहीये. ऑक्टोबरात काय झालं ते सांगते. एका दिवाळी अंकाचं काम शेवटच्या टप्प्यात, संपादक सर समोर खुर्चीवर बसलेले, चहा आलेला, मी पट्टी जरा आत सरकवायला रेघ पकडली असं मला वाटलं आणि डावीकडे ओढली. रेघ हलली नाही. म्हटलं परत सापडली नाही वाटतं. पुन्हा ओढली, या वेळी सरकली, काम पुढे चालू. दहा मिनिटांनी सर म्हणाले, "ताई, जरा मुखपृष्ठ बघू परत." मुखपृष्ठाचं फोल्डर गायब. नाहीच. सर काही बोलले नाहीत पण चहाचा कप खाली ठेवला. मी रिसायकल बिन बघितलं, बॅकअप बघितला, त्यात आदल्या दिवशीचं, म्हणजे चार दुरुस्त्या जुनं. शेवटी टायपिंगची मुलगी म्हणाली ताई नावाने शोधा ना. शोधलं तर ते लग्नपत्रिकांच्या फोल्डरात जाऊन बसलं होतं. पहिल्या वेळी माझ्या हातात रेघ आलीच नव्हती, रेघेला चिकटून असलेल्या पहिल्या ओळीतलं मुखपृष्ठाचं फोल्डर आलं होतं, आणि डावीकडे ओढल्यावर ते बरोबर पट्टीतल्या "लग्नपत्रिका" या बुकमार्कवर पडलं. विचारलंसुद्धा नाही की हलवू का. कंट्रोल झेड आहे, पण मधे ती खिडकी मी बंद करून दुसरी उघडली होती, आणि खिडकी बंद झाली की हे मागचं सगळं विसरतं.

तेव्हापासून सेटिंगमध्ये जाऊन "ओढून हलवताना विचारा" हे चालू करून ठेवलंय. आधीपासून चालूच का नसतं देव जाणे. घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हे करा.

आता सव्वापटीचं प्रकरण. सुरुवातीला मला वाटायचं मीच वेडी आहे. सकाळी पट्टी नीट लावावी, दुपारी बघावं तर रुंद. परत लावावी, संध्याकाळी अजून रुंद. फाइलींची यादी बिचारी उजवीकडे कोपऱ्यात अंग चोरून, तारखेचा रकाना दिसेनासा. वाड्यात पूर्वी भाडेकरू मधल्या फळ्यांची भिंत दर दिवाळीला वीतभर सरकवायचे म्हणे, तसं. एक दिवस हट्टाला पेटले, प्रत्येक वेळी स्क्रीनचा फोटो काढला आणि आमच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी मोजली. जुन्या मॉनिटरवर मी ती 240 पिक्सेलला लावली होती. लॅपटॉपवर उघडली, 300. बंद करून उघडली, 375. परत, 469. परत, 586. लॅपटॉपची स्क्रीन 1920 रुंद, म्हणजे चौथ्या वेळेला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या पट्टीने खाल्ला. भागून बघितलं तर दर वेळी बरोबर सव्वापट. आणि माझ्या लॅपटॉपचं स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं किती मोठं करून दाखवायचं ते, किती? 125 टक्के. म्हणजे सव्वाच की!

मग डोक्यात प्रकाश पडला. 125 टक्क्यांवर 240 चे 300 दिसणं बरोबरच आहे, अक्षरं मोठी झाली तर पट्टी पण मोठी व्हायला पाहिजे. पण बंद करताना ते 300 परत सव्वाने भागून 240 असे लिहून ठेवायला हवेत ना. हे तसंच 300 लिहून ठेवतं. पुढच्या वेळी उघडताना त्या 300 ला परत सव्वापट. सावकाराच्या चक्रवाढीसारखं. अर्ध्या खिडकीशी येऊन थांबतं एवढीच दया. जुन्या मॉनिटरवर स्केलिंग 100 टक्के, तिथे एकाने गुणलं काय आणि नाही काय, म्हणून टायपिंगच्या मुलीला कधी त्रासच नाही, ती म्हणायची ताई तुमच्याकडेच असं का होतं. कॉम्प्युटर पण माणसं ओळखतो असं तिचं मत होतं.

हे सगळं आकड्यांसकट सपोर्टला पाठवलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की हो, आमच्याकडेही तसं होतंय, पुढच्या अपडेटमध्ये बघतो. अपडेट आलं. त्यात नवीन आयकॉन आले. पट्टी तशीच. परत विचारलं तर म्हणाले यादीत आहे. बघू.

नावं कापण्याचा प्रकार. पट्टी अरुंद असली की लांब नाव मावत नाही, मग शेवटी तीन टिंबं. ठीक आहे. पण आमच्याकडे नावांचा फरक शेवटालाच असतो! "दिवाळी अंक 2022", "दिवाळी अंक 2023", "दिवाळी अंक 2024", सगळे "दिवाळी अं…" असे एकाखाली एक उभे, कवायतीला उभे केल्यासारखे. तसंच "स्मरणिका फायनल", "स्मरणिका फायनल दुरुस्त", "स्मरणिका खरं फायनल", या धंद्यातल्या कोणालाही हे सांगायला नको. मॅकच्या फाइंडरमध्ये लांब नाव मधून कापतात, सुरुवात पण दिसते शेवट पण दिसतो, किती साधी गोष्ट आहे. इथे माऊस नावावर धरून ठेवला की सेकंदभराने पूर्ण नाव पिवळ्या चौकोनात येतं, पण तो चौकोन खालच्या दोन नावांवर येऊन बसतो, म्हणजे खालचं वाचायला आधी तिथून हलायचं.

बरं नाव लांब म्हणजे किती लांब, तर त्यालाही मराठीत वेगळीच भानगड आहे. आमच्याकडे बॅकअपचा छोटा डबा आहे नेटवर्कवर, आत विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम. तो नावाला 255 बाइटपर्यंतच (बाइट म्हणजे साठवायच्या जागेचं माप) घेतो आणि मराठीचं एकेक अक्षर, काना मात्रा वेलांटी आणि हलन्तसुद्धा वेगळं धरून, तीन तीन बाइट खातं. "विशिष्ट" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, तिथे तो सात तुकडे, एकवीस बाइट. म्हणजे एका नावात जेमतेम 85 तुकडे. संपादक मंडळी फाइलला नाव देतात की अनुक्रमणिका लिहितात कळत नाही अशांच्या फाइली त्या डब्यात जातच नाहीत. यात फाइल मॅनेजरचा दोष नाही, उलट हा निदान कुठली फाइल राहिली ते सांगतो, एक मार्क जास्त.

पण खरा राग मला कशाचा येतो माहितीये, ओळीच्या उंचीचा. पट्टीतल्या प्रत्येक ओळीची उंची ठरलेली आहे, इंग्रजी अक्षरांच्या मापाने शिवलेला सदरा. आपल्याला शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार लागतात आणि खाली उकार, त्यात जोडाक्षर एकावर एक बसलं तर अजून खाली. त्यातलं खालचं सगळं कापलं जातं. माझ्या पट्टीत "मुंज पत्रिका" हे फोल्डर "मंज पत्रिका" असं दिसतं. "पुणे" चं "पणे". "कुंकू कार्यक्रम" नावाचं एका महिला मंडळाचं फोल्डर होतं, त्याचं "कंक". फॉन्ट मोठा करून बघितला, अक्षर मोठं झालं, ओळ तेवढीच राहिली, आता तर शिरोरेघच गेली, बोडकी अक्षरं. श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टांत काम करायचो तेव्हा फाइलची नावं झक मारत रोमनमध्येच टाकायला लागायची, कारण त्या जुन्या फॉन्टातलं मराठी सिस्टिमला मराठी म्हणून कळतच नव्हतं. युनिकोड आलं, मराठीत नावं द्यायला लागलो, किती बरं वाटलं होतं. आणि आता ती नावं अशी नखं कापल्यासारखी.

यावर एक उपाय सापडलाय, कोणी सांगितला नाही, खेळता खेळता मिळाला. फॉन्ट सोडा, आयकॉनचा आकार 16 वरून 24 करा. आयकॉनसाठी ओळ उंच होते आणि आपले उकार त्या निमित्ताने जगतात. तोटा असा की ओळी कमी मावतात. टायपिंगच्या मॉनिटरची उंची फक्त 768, त्यात वरचे मेनू, टॅब, खालची पट्टी गेली की उरलं काय, चार विभागांत झाडाच्या वाट्याला तीन ओळी. त्या तीन ओळीतली शेवटची आडव्या स्क्रोलबारखाली झाकलेली. झाडाला प्रत्येक पायरीला थोडं उजवीकडे सरकवतात, तीन चार फोल्डर आत गेलं की नावाची पहिली दोन अक्षरं दिसतात, मग आडवा स्क्रोल करा, मग मुळं दिसत नाहीत, परत मागे. वरचे विभाग मिटवता येतात, बाणावर क्लिक करून, मी "ड्राइव्ह" सोडून सगळे मिटवले. उद्या उघडलं की सगळे परत उघडे. हेही विसरतं! पण रुंदी मात्र लक्षात ठेवतं, तीही चुकीची.

पेनड्राइव्हचं एक छोटं. पेनड्राइव्ह लावला की पट्टी आपोआप फुगते. आधी वाटलं गिऱ्हाइकाने काही लांबलचक नाव दिलं असेल, पण पेनड्राइव्हच्या नावाला सहसा अकरा अक्षरांच्या वर जागाच नसते. मग बघितलं, तो नावाखाली "14.9 जीबी पैकी 3.2 जीबी मोकळी" असं लिहितो आणि ते वाक्य मावावं म्हणून सगळी पट्टी ताणतो. (16 जीबीचा पेनड्राइव्ह 14.9 दिसतो हे गिऱ्हाइकं मला विचारतात जशी काही मीच एक जीबी ठेवून घेतली. कंपनी 1000 ने मोजते, विंडोज 1024 ने.) तर ते मोकळ्या जागेचं वाक्य सेटिंगमधून बंद करता येतं, केलं, फुगणं थांबलं.

भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, त्यात डॉल्फिन नावाचा फाइल मॅनेजर फुकट आहे, त्यात पॅनल लावून कुलूप घालता येतं, लॉक. हलतच नाही मग. एफ नाइन दाबलं की डावीकडची पट्टी नाहीशी, परत दाबलं की हजर. ते बघून मी माझ्यात शोधलं तर पट्टी लपवायचा शॉर्टकट आहे, पण तीन बटणांचा आणि डाव्या हाताने एकट्याने होत नाही. बदलता येतो. बदलला. आता पानं लावताना पट्टी बंदच ठेवते आणि वरच्या पत्त्याच्या ओळीतून जाते, सवय झाली.

घ्यावं का? दुकानात फाइलींचं काम खूप असेल, एकच स्क्रीन असेल, स्केलिंग 100 असेल, तर खुशाल घ्या, नावबदल आणि दोन पॅनसाठी 850 जास्त नाहीत. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडत असाल तर 30 दिवसांचा डेमो घेऊन आधी पट्टी चार वेळा उघडबंद करून मोजा. नावं मराठीत ठेवत असाल तर आयकॉन 24 वर न्या आणि मग ठरवा. पाचपैकी तीन देते, त्यातला अर्धा सपोर्टवाल्याच्या सभ्यपणाचा. सव्वापट दुरुस्त केली तर चार, उकार परत दिले तर साडेचार.

जुना मॉनिटर मी अलीकडे लॅपटॉपलाच जोडून ठेवते, टायपिंगची मुलगीही त्यावरच काम करते, म्हणून आता तिलाही पट्टी फुगलेली मिळते. तिने तिच्यापुरता तोडगा काढलाय. मॉनिटरच्या खालच्या काळ्या कडेवर, बरोबर 240 जिथे येतात तिथे, एक लाल टिकली चिकटवलीये. सकाळी आली की उदबत्ती लावते, खुर्ची पुसते, आणि रेघ पकडून त्या टिकलीपर्यंत ओढून आणते. मागच्या आठवड्यात टिकली पडली होती तर मला म्हणाली, "ताई, आज पट्टी कुठे लावू?"